लेबल झाकलं, तर स्वस्तातली कोणती रेड घ्यावी?

स्वस्तातली रेड वाइन घ्यायला गेलं की माल्बेक, मर्लो, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, टेम्प्रानिओ, पिनो नुआर अशा द्राक्षांच्या नावांच्या बाटल्या दाटीवाटीनं उभ्या असतात आणि शेवटी निवड होते ती लेबलावरच्या चित्रावरून. म्हणून आम्ही मित्रमंडळींनी साधारण एकाच किमतीच्या बाटल्या कागदी पिशव्यांत गुंडाळल्या आणि त्यांवर नुसती अक्षरं घातली. पिशव्या एकानं चढवल्या, अक्षरं दुसऱ्यानं घातली. ओतणाऱ्याला ठाऊक असलं की त्याचा चेहरा फितूर होतो. बाटल्या आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. रेड वाइन १६ ते १८ अंशांच्या आसपास बरी लागते. त्याहून गरम झाली की अल्कोहोल नाकात चढतं आणि सगळ्या सारख्याच वाटायला लागतात.

पहिल्या फेरीत माल्बेकनं बाकीच्यांना सहज मागं टाकलं. दाट जांभळा रंग, पिकल्या आलुबुखाराचा वास, तुरटपणा मऊ. पहिल्या घोटातच पसंत पडावी अशी. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सचं, १८५३ च्या सुमारास अर्जेंटिनात गेलं आणि तिथंच मोठं झालं. तिथल्या मेंडोझा प्रांतातले मळे उंचावर, हवा कोरडी, ऊन भरपूर. त्यामुळे फळ हमखास पिकतं आणि स्वस्तातली बाटलीसुद्धा सहसा कच्ची लागत नाही. पैसे वाया जाऊ नयेत एवढीच अपेक्षा असेल तर माल्बेक घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पण गुणांचे कागद बाजूला पडले, गप्पा सुरू झाल्या आणि जो तो आपल्या हातानं ओतून घ्यायला लागला, तेव्हा वेगळीच पिशवी रिकामी होत गेली. ती निघाली स्पेनची टेम्प्रानिओ. पहिल्या फेरीत तिला कुणी फारसं विचारलं नव्हतं. आंबटगोड चेरी, थोडा तंबाखूच्या सुक्या पानांसारखा वास, तुरटपणा आहे पण आवरलेला. माल्बेकचा भरगच्चपणा दुसऱ्या ग्लासात जड व्हायला लागतो. ही मात्र तिसऱ्या घोटाला होती तशीच दहाव्यालाही राहते. घोटभर चाखून गुण देणं आणि अख्खी संध्याकाळ एका वाइनसोबत काढणं या दोन निराळ्या परीक्षा आहेत, आणि माझ्या मते विकत घेणाऱ्यानं दुसरीच धरावी.

टेम्प्रानिओ घेताना एक शब्द उपयोगी पडतो. स्पेनमधल्या रिओखा भागातल्या रेड वाइनवर ‘क्रिआन्सा’ लिहिलेलं असेल तर ती किमान २ वर्षं मुरलेली असते, त्यातलं निदान १ वर्ष ओकच्या लाकडी पिंपात. हा तिथला नियमच आहे. याउलट अमेरिकी बाटलीवरच्या ‘रिझर्व्ह’ला देशपातळीच्या कायद्यात व्याख्याच नाही. त्या सोनेरी अक्षरांसाठी जास्त पैसे मोजू नका.

पिंपाचा मुद्दा कॅबर्नेच्या वेळी पुन्हा निघाला. एका नव्या ओकच्या पिंपात २२५ लिटर, म्हणजे जेमतेम ३०० बाटल्या बसतात आणि पिंप महाग असतं. स्वस्त वाइनला तो खर्च झेपत नाही, म्हणून स्टीलच्या टाकीतच ओकच्या चिपा किंवा फळ्या सोडतात. त्यात गैर काही नाही, पण हात सैल सुटला की ओकचा व्हॅनिलासारखा वास वाइनवर वेगळा तरंगत राहतो. आमच्या कॅबर्नेत तेच झालं होतं. त्याच्याखालून हिरव्या ढोबळी मिरचीचा वास डोकावत होता. कॅबर्नेची द्राक्षं बारीक, जाड सालीची, उशिरा पिकणारी. पुरती पिकायच्या आधी तोडली की हा हिरवा वास मागे राहतो, आणि जाड सालीमुळे जीभ आखडते ती वेगळीच.

मर्लो त्याच घराण्यातली, पण लवकर पिकते आणि स्वभावानं मऊ. तिला उगाच मिळमिळीत म्हणून हिणवतात. हात आखडता असताना मात्र कॅबर्नेपेक्षा मर्लोवर माझा भरवसा जास्त. चिलीची मर्लो आवडली तर तिथल्याच कार्मेनेर या द्राक्षाची वाइनही घेऊन बघा. १९९४ मध्ये ओळख पटेपर्यंत तिथं कार्मेनेरच्या वेली मर्लोच्याच नावावर खपत होत्या.

शिराझवरून खरं भांडण झालं. एकजण म्हणे, ताजी कुटलेली काळी मिरी. दुसऱ्याला नुसता जॅमचा वास. दोघंही खरं बोलत होते. शिराझमधल्या मिरीच्या वासाचं मूळ म्हणजे रोटंडोन हा पदार्थ. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो २००८ मध्ये शोधला, आणि त्यांच्याच चाचणीत साधारण पाचातल्या एकाला तो कितीही असला तरी जाणवला नाही. तेव्हा शिराझबद्दल दुसऱ्याच्या शिफारशीवर जाऊ नका, स्वतःच्या नाकाला विचारा. मिरी लागत असेल तर एवढ्या पैशात इतकी चविष्ट वाइन क्वचित मिळते. मला लागते, त्यामुळे मी पक्षपाती आहे.

पिनो नुआर या किमतीत सोडून द्या. पातळ सालीचं, लाड करून घेणारं द्राक्ष. स्वस्तात ते बहुधा पाणचट निघतं. हलकी रेडच हवी असेल तर फ्रान्सच्या बोजोले भागातली, गामे द्राक्षाची वाइन घ्या आणि चांगली गार करून प्या.

असा खेळ घरी मांडणार असाल तर एकच वाइन गुपचूप दोन पिशव्यांत घाला. कॅलिफोर्नियाच्या राज्य स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली गेली. गुणांमध्ये सातत्य राखणारे निघाले दहातला एखादा. ते तर मुरलेले परीक्षक. त्यामुळे मित्रांच्या गुणांची बेरीज करत बसू नका, कोणती बाटली आधी संपते ते बघा. एखादीला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तिला स्पर्धेतून काढा. तो दोष बहुतेक वेळा बुचातून येतो, द्राक्षाचा त्यात काही संबंध नाही.

बाटली भेट द्यायची आणि घेणाऱ्याची आवड माहीत नसेल तर माल्बेक. रेड वाइन पहिल्यांदाच पिणारा असेल तर मर्लो. चारजण रात्रभर बसणार असाल तर दोन बाटल्या घ्या, आधी माल्बेक उघडा आणि क्रिआन्सा मागाहून.