जांभळ्या पोर्टात हिरवी पिन: कीबोर्डचा कन्व्हर्टर नऊ महिने वापरल्यावर

पीएस-टू, म्हणजे जुन्या गोल पिनचा, कीबोर्ड यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर मी मार्चमध्ये ३५० रुपयांना घेतला. एप्रिलमध्येच त्याचं कौतुक लिहायला बसले होते, पण लग्नसराईत राहून गेलं. राहिलं ते बरंच झालं, कारण नोव्हेंबरात माझं मत पार फिरलं.

माझा डेस्कटॉप २००८ चा, त्यावर अजून विंडोज एक्सपी. नवा घे म्हणून घरचे रोज मागे लागतात. पण माझं सगळं काम लग्नपत्रिकांचं, मराठी, कन्नड आणि तेलुगू. आमच्या सोलापुरात एकाच घरची पत्रिका दोन-दोन भाषांत लागते. त्या फाँटचं माझं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला लावायच्या लॉकवर चालतं (ते लॉक लावल्याशिवाय उघडतच नाही), आणि नव्या मशीनना ते पोर्टच नसतं. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले, म्हणून या मशीनला मी इंटरनेट लावतच नाही, सगळी ने-आण पेन ड्राइव्हवर. कीबोर्ड जुना, खटखट वाजणारा मेकॅनिकल. खाली न बघता हात चालतो तो फक्त त्यावरच.

फेब्रुवारीत तो मध्येच मुका व्हायला लागला. ‘॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥’ टाइप करता करता ‘प्रस’वर थांबायचा. मग माउसनं मेनूत जाऊन फाइल सेव्ह करायची, मशीन बंद करायचं, पिन दाबून बसवायची, परत चालू करायचं. पीएस-टूची पिन चालू मशीनवर काढू-घालू नये. बहुतेक वेळा मशीन कीबोर्ड ओळखतच नाही, आणि पोर्टचा फ्यूज उडायचीही भीती असते. कधी चालू होतानाच काळ्या पडद्यावर ‘कीबोर्ड एरर, एफ-वन दाबा’ यायचं. दिवसातून पाच-सहा वेळा हे केल्यावर रडू यायचं बाकी होतं.

एका दुकानात मशीन नेलं. “ताई, मदरबोर्ड गेलाय, पोर्ट मेलंय. जुना बोर्ड साडेचार हजारांत बसवून देतो,” म्हणाला. कीबोर्ड त्यानं हातात घेऊनसुद्धा बघितला नाही, याचा राग मला अजून आहे. तोवर काम चालावं म्हणून ६० रुपयांचा छोटा जांभळा जोड दिला, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला पीएस-टूचं भोक. तो घरी येऊन एक अक्षर उमटवेना. नंतर कळलं ते असं: या जोडात चिप नसते, नुसत्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. ज्या कीबोर्डला मुळातच यूएसबी आणि पीएस-टू दोन्ही पद्धती येतात त्यालाच तो चालतो. माझ्या कीबोर्डला एकच येते, पीएस-टूची. त्याला आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो, आणि त्याला जांभळं-हिरवं असं दोन भोकांचं शेपूट असतं, जांभळं कीबोर्डचं, हिरवं माउसचं.

तो आणला, पुढच्या यूएसबीत लावला, आणि एक्सपीत लगेच चालला. एकच अडचण. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, यूएसबी कीबोर्डचा पर्याय बंद होता, त्यामुळे मशीन सुरू होताना एफ-वन मागितलं की दाबता यायचं नाही. तो पर्याय चालू करायलाही चालता कीबोर्ड हवा! शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांकडून त्यांचा जुना पीएस-टू कीबोर्ड आणला, मागच्या जांभळ्या पोर्टला लावला, बायोसमध्ये जाऊन पर्याय चालू केला आणि दहा मिनिटांत परत देऊन आले.

आता हेच बघा. मेलेल्या म्हणवल्या पोर्टात काकांचा कीबोर्ड चालला होता. माझ्या डोळ्यांसमोर चालला होता. पण बाहेर वधूचे मामा प्रूफ घ्यायला उभे होते, आणि माझ्या डोक्यात तेवढंच होतं. ही एक गोष्ट तेव्हा लक्षात आली असती तर पुढचं काही लिहावंच लागलं नसतं.

मार्च ते दिवाळी कन्व्हर्टरनं एकदाही त्रास दिला नाही. एप्रिल-मे मध्ये खोली भट्टीसारखी तापते, पूर्व भागातल्या यंत्रमागांचं बारीक तूस सगळीकडे बसतं, तरी तो चालला. दिवाळीच्या आवराआवरीत मी कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला टेकवलं आणि पुढच्या वायरी नकोत म्हणून कन्व्हर्टर मागच्या यूएसबीत लावला. आठवड्यात परत तेच! या वेळी मुका होण्याऐवजी एकच अक्षर धावत सुटायचं, ‘चि. सौ. कां.’च्या जागी ओळभर ‘च’. कळ सोडल्याचा निरोप पोहोचत नाही, मशीनला वाटतं बोट अजून दाबलेलंच आहे.

कन्व्हर्टर गेला म्हणून दुसरा आणायला निघाले होते. वाटेत यंत्रमागांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका मामांना सहज विचारलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, “बंद पडतो तेव्हा नमलॉकचा दिवा जळतो का?” जळतो. “कळ दाबून विझतो का?” नाही. मामा म्हणाले, “मग करंट पोचतोय, बोलणं तुटतंय.”

हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं आहे. नमलॉकचा दिवा कीबोर्ड स्वतःहून बदलत नाही. कळ दाबली की निरोप मशीनकडे जातो, मशीन सांगतं तेव्हा दिवा बदलतो. दिवा पूर्ण गेला तर पाच व्होल्टची किंवा अर्थिंगची तार बघा. दिवा आहे पण बदलत नाही, तर डेटाची (निरोप नेणारी) किंवा क्लॉकची (निरोपाचा ठेका धरणारी). पीएस-टूला कामाच्या ताराच चार. मामांनी मल्टिमीटर बीपवर ठेवून (तार अखंड असली की तो वाजतो) एकेक पिन तपासली. पिनच्या मानेशी वायर वाकवली की क्लॉकचा बीप तुटायचा, सरळ केली की परत यायचा.

मग सगळं उलगडलं. फेब्रुवारीत कॅबिनेट भिंतीला टेकलेलं होतं, मान दुमडलेली. कन्व्हर्टर पुढे लावल्यावर तीच वायर सरळ लोंबत होती, म्हणून सात-आठ महिने सुखाचे गेले. दिवाळीत मी ती परत दुमडली. कन्व्हर्टरनं काही बरं केलं नव्हतं आणि काही बिघडवलंही नव्हतं.

मान साच्यातली असते, उघडत नाही. मामांनी भंगारातल्या पीएस-टू माउसची वायर पिनसकट कापून जोडली. माउसला नि कीबोर्डला पिन तीच, फक्त रंग हिरवा. वायरींचे रंग मात्र जुळवायचे नाहीत, ते कंपनीगणिक वेगळे असतात. मीटरनं पिन ते पिन जुळवायचं. ८० रुपये घेतले. आता जांभळ्या पोर्टात हिरवी पिन आहे, दोन महिने झाले, एकदाही थांबलेला नाही. साडेचार हजारांचा बोर्ड बसवला असता तरी हीच वायर त्यात खुपसली असती.

कन्व्हर्टर वस्तू म्हणून चांगला आहे, ३५० रुपये वाया गेले असं म्हणणार नाही. भाच्याच्या लॅपटॉपला लावून हाच कीबोर्ड चालवून बघितला, छान चालतो. शेपूट मात्र फार आखूड, जड पिन लोंबकळत राहते, खाली काहीतरी टेकू द्या. आणि घ्यायच्या आधी कुणाचा तरी कीबोर्ड दहा मिनिटं मागून आणून आपल्या पोर्टात लावून बघा. कॅबिनेट मी आता भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलंय.