शनाया ट्वेनची 'कम ऑन ओव्हर' सीडी, एका गाण्यासाठी परत घेतली

आधीच सांगते, शनाया ट्वेन ह्या कॅनडाच्या गायिकेची ही सीडी मी एका गाण्यासाठी घेतलीय, 'यू आर स्टिल द वन'. बाकी पंधरा गाणी आहेत त्यात, त्यांच्याबद्दल खाली थोडं लिहिते, पण ज्यांना फक्त हे एक गाणं हवंय त्यांनी पण सीडी घ्यावी का, तर माझ्या मते घ्यावी, मात्र कुठली घेताय ते बघून.

आमच्याकडे हीच सीडी होती. १९९९ ला ह्यांनी सिंगापूरहून आणलेली. हे तेव्हा जहाजावर होते, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांवर जायचं, साईन ऑफ करून, म्हणजे जहाजावरून सुट्टी होऊन, घरी आले की बॅगेत साबण, चॉकलेटं, बॅटरी सेल आणि एखादी सीडी असायची. पण वेंगुर्ल्याच्या पावसात असल्या वस्तू टिकवणं म्हणजे कठीणच. बुकलेटची पानं एकमेकांना चिकटली, मग सीडीवर बुरशीचे ठिपके आले, कापसाने पुसून पुसून काही वर्षं चालवली, शेवटी पहिलंच गाणं अडकायला लागलं आणि नेमकं तेच गाणं हे. मोबाईलवर मिळतं की, असं मुलगी म्हणते, मिळतं गो बाई, पण त्या प्लेअरचा तो झाकण उघडायचा आवाज आणि मग दोन सेकंद शांतता, त्याच्याशिवाय मला ते गाणं अर्धंच वाटतं.

म्हणून सेकंड हँड मागवली ऑनलाईन, साडेतीनशे रुपयांना. विकणाऱ्याने लिहिलेलं एकदम नव्यासारखी, आली ती केसला आडवा तडा जाऊन, आणि आत सीडी जिथे टक् करून बसते तिथले दोन दात तुटलेले. नऊ दिवस लागले यायला. मी फोटो पाठवले तर दोन दिवसांनी उत्तर आलं की केस म्हणजे प्रॉडक्ट नाही. हे मला पटलं नाही, बुकलेट आणि केस सकट पैसे घेतले होते ना. पण सीडी उजेडात धरून बघितली तर ओरखडा नाही, सोळाच्या सोळा गाणी न अडकता वाजली, म्हणून परत केली नाही. केस जुन्या सीडीची घातली.

आता गाण्याचं. सुरुवातीला ती गात नाही, हळू आवाजात दोन वाक्यं बोलते, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखी. आमच्या सासूबाई तेव्हा होत्या, पडवीत सोलं वाळत घालत होत्या, त्या म्हणाल्या, "ती बाय गाता काय बोलता गो?" मी म्हटलं, आई, आधी बोलता, मगे गाता. मग त्या ऐकत बसल्या. शब्द कळत नव्हते पण शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

प्रेमाची गाणी बहुतेक नुकतं प्रेम झालेल्यांची असतात, बघितलं, हरवलो, झोप उडाली वगैरे. हे तसं नाही. हे काही वर्षं संसार झालेल्या बाईचं गाणं आहे. लोक म्हणत होते ह्यांचं टिकायचं नाही, आणि बघ, आपण कुठवर आलो, आणि अजून तूच आहेस, एवढाच मतलब. आमच्या लग्नात पण हेच बोलणं होतं, जहाजावरच्या माणसाला मुलगी देऊ नये, वर्षातले नऊ महिने तो दर्यावर आणि ही इथे, काय संसार होणार. नात्यातल्याच बायका बोलायच्या आणि माझ्या समोर बोलायच्या. तेव्हा एसटीडी बूथवर ठरलेल्या वेळी जाऊन बसायचं आणि फोन आलाच नाही तर परत यायचं, असे दिवस होते ते. त्यामुळे हे गाणं पहिल्यांदा ऐकलं आणि ह्यांनी मला अर्थ सांगितला तेव्हा मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

शनायाने हे उगाच लिहिलेलं नाही. गाणं तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, रॉबर्ट जॉन 'मट' लँगचं. लँग म्हणजे एसी/डीसी आणि डेफ लेपर्डसारख्या कडक रॉक बँडचा प्रोड्युसर, तिच्यापेक्षा वयाने बराच मोठा, १९९३ ला भेटले आणि त्याच वर्षी लग्न. साहजिकच लोक बोलले. ती स्वतः कॅनडाच्या टिमिन्स नावाच्या खाणीच्या गावातली, आईवडील १९८७ ला गाडीच्या अपघातात एकदम गेले, तर हिने एका रिसॉर्टमध्ये गाणी गाऊन धाकट्या भावंडांना वाढवलं. घरातली मोठी जबाबदारी घेतलेली मुलगी जशी बोलते तसा तिचा आवाज आहे ह्या गाण्यात, लाडीक नाही, ठाम आहे.

आणि चाललं किती! जानेवारी १९९८ मध्ये सिंगल म्हणून, म्हणजे हे एकच गाणं वेगळं काढून, आलं, आल्बममधलं तिसरं सिंगल. (आमची कोकण रेल्वे पण २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली, त्याआधी हे मुंबईहून रात्रभर एसटीने यायचे आणि पुढचा अख्खा दिवस झोपायचे, त्यामुळे ते वर्ष माझ्या डोक्यात एकत्रच बसलंय.) अमेरिकेत कंट्री, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या ढंगाच्या गाण्यांच्या, चार्टवर एक नंबर, आणि बिलबोर्ड हॉट १०० वर, म्हणजे सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या यादीत, दोन नंबर. त्या यादीत पहिल्या दहात जाणारं तिचं हे पहिलंच गाणं. एक नंबर शेवटपर्यंत मिळाला नाही, पुढे आधी नेक्स्ट नावाच्या ग्रुपचं 'टू क्लोज' आणि मग ब्रँडी आणि मोनिकाचं 'द बॉय इज माईन' बसलेलं, आणि हे दोन नंबरवर कितीतरी आठवडे तसंच थांबलेलं. ऑस्ट्रेलियात मात्र एक नंबर. १९९९ च्या ग्रॅमीत, म्हणजे अमेरिकेतल्या संगीताच्या मोठ्या बक्षिसांत, ह्या गाण्याला दोन बक्षिसं, सर्वोत्तम कंट्री गाणं आणि कंट्री गायिकेचं. वर्षाच्या सगळ्यात मोठ्या दोन बक्षिसांना पण नाव होतं, ती दोन्ही टायटॅनिकच्या गाण्याने नेली. टायटॅनिकचं गाणं मला पण आवडतं, पण ते बुडालेल्याचं गाणं, आणि मला कायम वाटत आलंय की किनाऱ्याला सुखरूप लागलेल्यांच्या गाण्याला पण एकदा मोठं बक्षीस मिळायला हवं होतं.

आता सीडी कुठली घ्यायची ते, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हा आल्बम दोन तऱ्हेने निघालाय. नोव्हेंबर १९९७ ला अमेरिकेत आला तो कंट्री, त्यात फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, आणि स्टील गिटार भरपूर. नंतर बाहेरच्या देशांसाठी इंटरनॅशनल काढला, त्यात तीच गाणी परत मिक्स करून कंट्रीची वाद्यं कमी केली आणि पॉपचा साज चढवला. ओळखायचं सोपं आहे, मागे यादी बघा, हे गाणं पहिलं असेल तर इंटरनॅशनल, दहावं असेल तर अमेरिकन. आमची सिंगापूरची पहिलं गाणं वाली, आत्ता आली ती पण तीच, मी मुद्दाम बघूनच घेतली. अमेरिकन वाली मुलीने मोबाईलवर ऐकवली. त्यातली ती स्टील गिटार म्हणजे आपल्याकडे रेडिओवर पूर्वी हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी लागायची ना, तसा सूर ओढत ओढत नेणारी. ती ऐकून मला क्षणभर वाटलं की खरं गाणं हेच. पण सवय मोठी असते, मला माझं पॉप वालंच हवं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने अमेरिकन घ्यावी असं माझं मत.

बाकीच्या गाण्यांत 'फ्रॉम धिस मोमेंट ऑन' लग्नाच्या व्हिडिओत घालण्यासारखं आहे, छान आहे पण जरा जास्त गोड. 'मॅन! आय फील लाईक अ वुमन' माझी मुलगी लहानपणी खळ्यात नाचायची. चार-पाच गाणी मी पुढे ढकलते.

२००८ ला शनाया आणि लँग वेगळे झाले, २०१० ला घटस्फोट. पेपरात वाचलं तेव्हा मला आपल्या घरातलं कोणी मोडल्यासारखं वाटलं, आणि शेजारची एकजण म्हणाली बघ, गाणं खोटं ठरलं. मला नाही पटत. ज्या वर्षी तिने ते गायलं त्या वर्षी ते खरं होतं, ऐकताना आवाजात कळतं ते. आणि ती अजून स्टेजवर गाते हे गाणं.

हे आता रिटायर झालेत, घरीच असतात. परवा सीडी आली तेव्हा बाजारातून बांगडे घेऊन आले होते, तडा गेलेली केस बघून म्हणाले जुनी कुठाय, आणि स्वतःच कपाटातून काढून, पुसून, नवीन सीडी त्यात घालून दिली. मग प्लेअर लावला, बाई बोलायला लागली तसा आवाज थोडा वाढवला आणि बांगडे साफ करायला मागच्या दारी गेले, तिथून ऐकू येतं म्हणाले.