फॉस्फो-अँटिबॉडी की फॉस-टॅग जेल?

काइनेज हा एन्झाइम प्रथिनावर फॉस्फेट बसवतो, फॉस्फेटेज हा एन्झाइम तो काढतो. पेशीतला संदेश किती जोरात आणि किती वेळ चालेल, हे या ओढाताणीवर ठरतं. ती मोजायची पद्धत निवडण्याआधी प्रश्न नक्की करा: फॉस्फेट कुठे बसलाय, की किती रेणूंवर बसलाय?

'कुठे' हवं असेल तर फॉस्फो-अँटिबॉडीच घ्या, म्हणजे ठरावीक जागी फॉस्फेट बसलेलं प्रथिनच ओळखणारी अँटिबॉडी. ईआरके-१ या संदेश नेणाऱ्या काइनेजचं थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ (साखळीतली त्या क्रमांकांची अमिनो आम्लं) यांवर दोन्ही फॉस्फेट बसले की तो पूर्ण जागा होतो, आणि ही जोडी ओळखणारी अँटिबॉडी साध्या वेस्टर्न ब्लॉटवर (जेलमध्ये वेगळी केलेली प्रथिनं पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने शोधायची पद्धत) चालते. ब्लॉकिंग, म्हणजे पडद्याच्या मोकळ्या जागा झाकणं, ५ टक्के बीएसएने (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) करा; दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन असल्याने पार्श्वभूमी काळवंडू शकते. पण बँड तिप्पट गडद झाला म्हणजे ५ टक्क्यांचे १५ झाले की ३० चे ९०, हे अँटिबॉडी सांगत नाही. पेशीच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

तिथे फॉस-टॅग जेल कामाला येते. जेलमध्ये मिसळलेल्या फॉस-टॅग रेणूचं मँगनीज-संकुल फॉस्फेटला धरतं, त्यामुळे फॉस्फेट असलेलं प्रथिन मागे राहतं. साधी (फॉस्फेट असो-नसो, प्रथिन ओळखणारी) अँटिबॉडी लावली की शून्य, एक, दोन फॉस्फेटचे बँड एकाच लेनमध्ये दिसतात आणि त्यांचं प्रमाण थेट काढता येतं. सुरुवात ५० मायक्रोमोलर फॉस-टॅग आणि त्याच्या दुप्पट मँगनीज क्लोराइडने करा. बँड फारसे वेगळे झाले नाहीत तर फॉस-टॅग वाढवा. प्रथिन मोठं असून वरच अडकलं तर कमी करा. नमुन्यात ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) राहिला तर तो मँगनीज ओढून घेतो आणि बँड वाकडेतिकडे होतात. उलट, ट्रान्सफरआधी जेल ईडीटीए असलेल्या बफरमध्ये भिजवलीच पाहिजे, नाहीतर प्रथिन पडद्यावर उतरत नाही. मार्करवरून (ज्ञात रेणुभाराच्या प्रथिनांवरून) रेणुभार मात्र वाचू नका. कोणता बँड फॉस्फेटचा हे ठरवायला एक नमुना लॅम्डा फॉस्फेटेजसोबत ३० अंश सेल्सिअसला ३० मिनिटं ठेवून शेजारी चालवा. या नमुन्यात फॉस्फेटेज-रोधक घालायचे नाहीत.

बाकी सगळ्या नमुन्यांत मात्र ते हवेतच, पद्धत कोणतीही असो. पेशी फुटल्या की फॉस्फेटेज थांबत नाहीत. सेरीन-थ्रिओनिनसाठी सोडियम फ्लोराइड, टायरोसिनसाठी १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनेडेट. व्हॅनेडेट पीएच १० ला रंगहीन होईपर्यंत उकळून घ्या. पिवळं द्रावण कुचकामी. डीटीटी (क्षपणक रसायन) आणि ईडीटीए दोन्ही त्याला निकामी करतात.

बँड वाढला तो काइनेज चढल्याने की फॉस्फेटेज मंदावल्याने, हे एका वेळेच्या नमुन्यावरून दोन्ही पद्धतींत कळत नाही. म्हणून ट्रामेटिनिब या औषधाने मेक (ईआरकेवर फॉस्फेट बसवणारा काइनेज) बंद करून ०, २, ५, १०, २० मिनिटांना नमुने घ्या. फॉस्फेट नेहमीच्याच वेगाने उतरला तर वाढ काइनेजची. रेंगाळला तर फॉस्फेटेज कमजोर पडलाय. या मालिकेसाठी अँटिबॉडी पुरते, कारण इथे फक्त उताराचा वेग हवा असतो.