टेबलावरचे देशोदेशीचे झेंडे: रंग झकास पण मापाची बोंब

पाचपैकी तीन स्टार देतोय, त्यातले दोन तर नुसते छपाई आणि बेससाठी. जगभरातल्या देशांच्या छोट्या झेंड्यांचा सेट आहे हा, टेबलावर मांडायचा, पॉलिस्टर सॅटिनचं कापड, प्लॅस्टिकची काठी, खाली गोल जड बेस. बेस खरंच दणकट आहे, पंख्याच्या वाऱ्याने झेंडे आडवे होत नाहीत. छपाई पण बारीक आहे, ब्राझीलच्या निळ्या गोळ्यातले 27 तारे एकेक मोजता येतात आणि मधल्या पट्ट्यावरची अक्षरं वाचता येतात, तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावर गालिच्याची पाच नक्षीकामं असतात ना, ती पण फाटलेली नाहीत. इथपर्यंत पैसा वसूल.

पण मग लक्षात येतं की सगळे झेंडे एकाच मापाचे आहेत! सरसकट 2:3, म्हणजे उंची दोन तर रुंदी तीन. अरे बाबांनो, प्रत्येक देशाचं माप ठरलेलं असतं, ते पण डिझाइनच आहे. भारताचा 2:3 च आहे म्हणून आपला बरोबर आलाय, पण स्वित्झर्लंडचा चौकोनी असतो, तो इथे ताणून आडवा केलाय आणि त्या नादात क्रॉसचे हात पण लांबलेत. कतारचा 11:28, म्हणजे चांगला लांबलचक, तो दाबून बुटका करून टाकलाय. नेपाळचं तर विचारूच नका, जगातला एकमेव राष्ट्रध्वज जो चौकटीत बसत नाही, दोन त्रिकोण एकावर एक, रुंदीपेक्षा उंची जास्त, तो कसा आखायचा हे त्यांच्या राज्यघटनेत पायरीपायरीने लिहून ठेवलंय, आणि ह्यांनी काय केलं तर पांढऱ्या आयतावर छापून मोकळे. कात्री नव्हती का.

आणि ह्याने नुसतं दिसायला वाईट होतं असं नाही, काही झेंड्यांची ओळखच जाते. इंडोनेशिया आणि मोनॅको दोघांचं वर लाल खाली पांढरं, डोळ्याला दिसेल असा फरक मापाचाच, 2:3 आणि 4:5. एक माप केलं की संपलं, आता सेटमध्ये एकच झेंडा दोनदा आहे. बांगलादेशचा मात्र चांगला जमलाय हे कबूल करायला पाहिजे, त्यातलं लाल वर्तुळ बरोबर मधोमध नसतं, काठीकडे जरा सरकवलेलं असतं, म्हणजे झेंडा फडकताना ते मध्यभागी वाटावं. बरेच जण ते मध्यात छापून टाकतात, इथे नाही.

दुसरी कटकट म्हणजे छपाई एकाच बाजूने. मागे रंग फिका आणि सगळं उलटं उमटतं. तीन पट्ट्यांच्या झेंड्यांना काय फरक पडत नाही, पण सौदीच्या झेंड्यावर कलमा आहे, तो दोन्हीकडून सरळ वाचता आला पाहिजे म्हणून खरा झेंडा दोन्ही बाजूंनी सारखाच बनवतात. पॅराग्वेची तर मागची बाजूच वेगळी, पुढे राष्ट्रचिन्ह आणि मागे सिंहाची मुद्रा. इथे मागून बघितलं तर पुढचंच चिन्ह उलटं. ब्रिटनच्या युनियन जॅकला काठीची शिवण चुकीच्या बाजूला मारलीय, काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात जाड पांढरी तिरपी पट्टी वर असायला पाहिजे, इथे बारीक पट्टी वर आहे, म्हणजे चक्क उलटा फडकतोय. नशीब फिलिपाइन्सचा सरळ शिवलाय, त्यांच्यात लाल पट्टा वर आला की युद्ध चालू असा अर्थ होतो 😄

सोबतचं माहितीपुस्तक फेकून दिलं तरी चालेल. लाल म्हणजे रक्त, हिरवा म्हणजे शेती, पांढरा म्हणजे शांती, असा एकच साचा सगळ्यांना लावलाय. आयर्लंडचा केशरी म्हणजे 'त्याग' लिहिलंय, तो प्रोटेस्टंट लोकांचा रंग आहे, हिरवा कॅथलिक परंपरेचा, आणि मधला पांढरा दोघांतल्या सलोख्याचा. दक्षिण आफ्रिकेच्या 1994 च्या झेंड्यातल्या सहाच्या सहा रंगांचे अर्थ पण ठोकून दिलेत, तिथलं सरकारच म्हणतं की रंगांना ठरावीक अर्थ नाहीत. शिवाय मॉरिटानियाचा झेंडा जुना आहे, 2017 साली वर-खाली लाल पट्टे आले ते नाहीत.

शोभेसाठी घ्यायचा असेल तर घ्या, टेबल छान दिसतं. मुलांना झेंडे ओळखायला शिकवायचे असतील तर मात्र नको. आणि घेतलाच तर चाड आणि रोमानियाच्या काठ्यांना आल्या आल्या नावाची चिठ्ठी चिकटवा, दोन्ही निळा-पिवळा-लाल उभे पट्टे, आधी रोमानियाच्या मध्ये राष्ट्रचिन्ह असायचं, 1989 च्या क्रांतीत लोकांनी ते कापून काढलं, नंतर ते अधिकृतपणे पण गेलं आणि दोन्ही झेंडे जुळे झाले, निळ्याच्या छटेत काय थोडा फरक असेल तेवढाच. हा एक घोळ विक्रेत्याच्या माथी मारता येणार नाही.