ड्रेन लाईन टाकीला जोडली म्हणून पैसे घेतले, जोडली भलतीकडेच

गेल्या एप्रिलात काजूच्या कलमांचे खड्डे मारायला मी माझ्या छोट्या पोकलेनसाठी जुनं ऑगर (खड्डे मारायचा मोठा गिरमिट) घेतलं. आमच्या गोव्यातल्या सत्तरीत वीतभर मातीखाली चिऱ्याचा दगड लागतो, पावसाआधी खड्डे तयार हवेत. ऑगर फिरवणाऱ्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पिस्टन मोटरला तीन पाईप लागतात: प्रेशर (दाबाचं तेल आणणारा), रिटर्न (तेल टाकीत परत नेणारा) आणि केस ड्रेन (केसमध्ये, म्हणजे मोटरच्या कवचात, झिरपलेलं तेल काढणारा). माझ्या बूमवर (पोकलेनच्या हातावर) पहिले दोनच होते. तिसरा टाकीपर्यंत न्यायला डिचोलीकडच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी लावली.

"बाब, टाकीला नवं तोंड वेल्ड करून लाईन आत सोडली, आता बघायला नको," असं वर्कशॉपवाल्याने सांगितलं. सात मीटर होज, फिटिंग, वेल्डिंग, सगळे मिळून १४,५०० रुपये, कच्च्या कागदावर. मी विश्वास ठेवला.

चौथ्या दिवशी मोटरच्या शाफ्टपाशी तेल गळायला लागलं. ऑईल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी रिंग) बाहेर ढकललं गेलं होतं. तो म्हणाला, "मोटर आतून संपली, नवीच घाला." ६२,००० दिले. जुनी मोटर त्याने भंगारात घालतो म्हणून ठेवून घेतली. सहा दिवसांत नव्या मोटरचंही सील तसंच गेलं.

तेव्हा शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांचं आयुष्य खाणीवरची मशिनं सांभाळण्यात गेलंय. मोटरकडे त्यांनी पाहिलंच नाही. "ड्रेनचा पाईप कुठे जातो ते आधी दाखव," म्हणाले आणि पाईपवर हात ठेवून चाचपत पुढे सरकले. जेमतेम दीड मीटरवर, बूमच्या बुडाशी, पाईप एका टीमध्ये (तीन तोंडांच्या जोडात) शिरला होता आणि टी होती रिटर्न लाईनवर. टाकीवर जुनी लाल धूळ जशीच्या तशी, वेल्डिंगचा डाग कुठेही नाही. उलट बूच लावलेलं एक रिकामं तोंड टाकीला मुळातच होतं!

पिस्टनच्या फटींतून थोडं तेल केसमध्ये झिरपतं. ते बिघाडाचं लक्षण नाही, त्यानेच आतल्या भागांना वंगण मिळतं. पण ते विनादाब टाकीत गेलं पाहिजे. माझ्या मोटरच्या कागदावर केसचा दाब जास्तीत जास्त ३ बार लिहिलाय. काकांनी रिटर्नला गेज लावला, तर ऑगर फिरताना काटा ९ बारवर. फिल्टर तुंबला किंवा सकाळी तेल गार असलं की तो आणखी चढतो. हा सगळा दाब टीतून उलटा केसमध्ये जाऊन सीलवर बसत होता. सील काही शेकड्यांचं. ते गेलं म्हणजे मोटर गेली, असं मुळीच नाही.

मग काकांनी "नव्या" मोटरचा रंग खरवडला. माझ्या जुन्या मोटरच्या फ्लँजवर छिन्नीचा एक वण होता. रंगाखाली तोच वण निघाला. माझीच मोटर, सील बदलून, रंगवून, मला ६२,००० ला विकली होती. वण दिसला तेव्हा माझे हात थरथरत होते.

आता ड्रेन मोटरच्या सर्वांत वरच्या तोंडातून निघून थेट टाकीत, तेलाच्या पातळीखाली जातो. मध्ये ना टी, ना कॉक. चालू करण्याआधी केस स्वच्छ तेलाने भरून घेतला. ड्रेनचं टोक डब्यात धरून मिनिटभर ऑगर फिरवलं, तर लिटरभरही तेल आलं नाही, म्हणजे मोटर ठणठणीत आहे. कोणी मोटर बदला म्हटलं तर आधी ही मोजणी करायला लावा. लाईन टाकीत शिरते ती जागा स्वतः बघा, आणि जुना पार्ट, भंगार असला तरी, घरी आणा.

टी आणि कच्चं बिल घेऊन वर्कशॉपला गेलो. त्याने २५,००० परत केले, पुढे फोन उचलणं बंद. स्वतःच्या पोटापाण्यासाठी मशीन चालवणाऱ्यालाही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. १९१५ या हेल्पलाईनवर मी तक्रार नोंदवली आहे. टी पिशवीत बांधून ठेवली आहे, मोटरचा वण तसाच उघडा ठेवलाय.