फॅमिली कोस्टर: थरार आणि कुटुंब यांच्यामधली पायरी

थीम पार्कच्या नकाशावर ‘फॅमिली कोस्टर’, म्हणजे साऱ्या कुटुंबाने मिळून बसण्याजोगा रोलर कोस्टर, असे नाव देऊन जी राइड दाखवलेली असते, तिची पारख करताना वेगाचा विचार मी सर्वांत शेवटी करते. आधी पाहते ती प्रवेशाजवळची उंचीची पट्टी, मग रांग किती झरझर सरकते ते, आणि त्यानंतर गाडीतून उतरणाऱ्यांचे चेहरे. आजी आणि नातवंड एकाच गाडीतून उतरत असतील आणि दोघांनाही एकमेकांना काही सांगायची घाई झाली असेल, तर ती राइड आपल्या नावाला जागली असे मी मानते. या कसोटीला उतरणाऱ्या राइड फार थोड्या आहेत. बऱ्याच ठिकाणी ‘फॅमिली’ या शब्दाचा अर्थ मोठ्यांना जांभया येतील इतकी संथ गाडी असा घेतला जातो, आणि काही ठिकाणी तो शब्द केवळ पाटीपुरता असतो.

पाटीपुरत्या ‘फॅमिली’चा अनुभव आम्ही एका पार्कमध्ये घेतला, त्याचे नाव घेत नाही. उंचीचा फलक रांगेच्या तोंडाशी होता खरा, पण गर्दीत झाकलेला. पाऊण तास उभे राहिल्यावर गाडीजवळच्या कर्मचाऱ्याने पट्टी लावली आणि सहा वर्षांच्या भाच्याला बाजूला केले. त्याच्यासाठी त्याची आई थांबली. खांद्यांवरून खाली येणारे जड बंधन पाहून सासूबाईंनीही पाय मागे घेतला. सहा जणांपैकी तिघेच बसले, तेही दीड मिनिटासाठी, आणि पुढचा अर्धा तास रुसवे काढण्यात गेला. राइड म्हणून ती वाईट नव्हती. पण जी राइड कुटुंबाला फलाटावरच दुभंगते तिला कौटुंबिक कसे म्हणावे?

पार्क चालवणाऱ्यांनाही हाच प्रश्न वेगळ्या अंगाने पडतो. कुटुंब एकत्र येते आणि एकत्रच परतते. त्यातले सर्वांत लहान किंवा सर्वांत थकलेले माणूस कंटाळले की सगळ्यांचाच दिवस आटोपतो. म्हणून नवी राइड घेताना ती किती उंच हवी याच्याइतकाच, एका गटातले किती जण तिच्यात बसू शकतील, हाही प्रश्न असतो. त्याला जोडूनच येतो ताशी क्षमतेचा हिशेब. 24 आसनांची गाडी दर मिनिटाला सुटली तर तासाला 1,440 जण जातात. बंधने तपासण्यात आणि खिशातल्या वस्तू काढून घेण्यात गाडी दीड मिनिटाला सुटू लागली, की हाच आकडा 960 वर येतो. राइड तीच, माणसे तीच, पण रांग दीडपट रेंगाळते. याउलट डिस्नेलँडमध्ये 1969 पासून चालणाऱ्या ‘हाँटेड मॅन्शन’सारख्या राइडमध्ये आसनांची साखळी सहसा थांबतच नाही, त्यामुळे तासाला 2,000 हून अधिक लोक आत जातात, आणि बाहेर वीज कडाडत असली तरी छताखाली ती चालू राहते. उघड्यावरचे उंच कोस्टर अशा हवेत बंद ठेवावे लागतात.

तरीही पार्क उंचीच्या मागे का लागतात, हे समजण्यासारखे आहे. विक्रमाची बातमी होते; सौम्य राइडची सहसा होत नाही. पण विक्रमाचे आयुष्य अल्प असते. अमेरिकेतल्या सीडर पॉइंट या पार्कने 2003 मध्ये 420 फुटांचा ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ कोस्टर उभारला आणि दोनच वर्षांत, 2005 मध्ये, तिथल्याच सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या पार्कच्या 456 फुटांच्या ‘किंगडा का’ने त्याला मागे टाकले. गंमत अशी, की दोन्ही राइड एकाच निर्मात्याच्या, इंटामिनच्या. किंगडा काची गाडी ताशी 206 किलोमीटर वेग गाठत असे आणि सारा खेळ अर्ध्या मिनिटाच्या आत संपत असे. वारा, पाऊस आणि यंत्रणेतले बिघाड यांमुळे ती वारंवार बंद पडे. 2024 मध्ये ती कायमची थांबवली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सुरुंग लावून मनोरा पाडला. तिच्यात बसलेल्यांना ती जन्मभर आठवेल, हे मी नाकारत नाही. परंतु तिच्या पायथ्याशी पिशव्या सांभाळत उभ्या राहिलेल्यांची संख्याही मोजायला हवी.

माझ्या मते या पेचाचे आजवरचे सर्वांत चांगले उत्तर अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’ या थीम पार्कमध्ये आहे, आणि ते एक मोठी थरारक राइड मोडून दिलेले आहे. 1999 मध्ये पार्कबरोबरच तेथे दोन लटकत्या कोस्टरची जोडी सुरू झाली होती, ज्यांच्या गाड्या उलट्यासुलट्या फिरताना एकमेकींच्या अगदी जवळून जात. तिच्यासाठी उंची 137 सेंटिमीटर लागे, म्हणजे प्राथमिक शाळेतली बहुतेक मुले बाहेरच. 2017 मध्ये ही जोडी बंद करून त्याच जागेवर जून 2019 मध्ये हॅरी पॉटरच्या गोष्टींतल्या हॅग्रिड या पात्रावर बेतलेली ‘हॅग्रिड्स मॅजिकल क्रीचर्स मोटरबाईक ॲडव्हेंचर’ सुरू झाली. येथे उंचीची अट 122 सेंटिमीटर आहे. उंचीची रेषा पंधरा सेंटिमीटरने खाली आली आणि सात-आठ वर्षांची मुले आत आली.

ही राइड ताशी सुमारे 80 किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि एकदाही प्रवाशांना उलटे करत नाही. थरार येतो तो अनपेक्षिततेतून. वाटेत सात वेळा गाडीला नव्याने जोर मिळतो, त्यामुळे उतार संपला की खेळ संपला असे वाटण्याची सोयच राहत नाही. एका उभ्या चढावर गाडी दम संपल्यासारखी थबकते आणि मागे घसरू लागते. काही अंतर उलट्या दिशेने जाऊन ती एका अंधाऱ्या जागी थांबते, आणि मग रुळाचा तो तुकडाच गाडीसकट सुमारे 17 फूट खाली पडतो. पोटात गोळा येतो, पण क्षणभरच, आणि लगेच हसू फुटते. बंधन मांडीवरचे आहे, खांद्यांवर काहीही येत नाही, त्यामुळे मान सांभाळून असणाऱ्या मोठ्या माणसांनाही बिचकण्याचे कारण उरत नाही. एका गाडीत 14 जण बसतात. आसने कमी असली तरी सरकत्या फलाटावर बसणे-उतरणे होत असल्याने गाड्या एकापाठोपाठ एक सुटतात. झाडी, धुके आणि यांत्रिक प्राणी यांचा देखावा रांगेपासूनच सुरू होतो, हे मला विशेष आवडले, कारण राइडच्या गोष्टीत न बसणाऱ्यालाही शिरता येते.

दोषही आहेत, आणि ते या जातीच्या राइडला चिकटलेलेच आहेत. जोर देणारे जितके टप्पे, तितक्या जास्त गाड्या एका वेळी रुळावर ठेवता येतात. पण तितक्याच ठिकाणी यंत्रणा अडू शकते आणि एक गाडी अडली की मागच्या सगळ्या थांबतात. शिवाय जी राइड सर्वांना चालते तिच्याकडे सगळेच धाव घेतात: उद्घाटनाच्या दिवशी रांग 10 तासांपर्यंत गेली होती. लोकप्रियता ही क्षमतेला खाऊन टाकते, आणि उपाशी-तापाशी उभ्या असलेल्या लहान मुलांना या राइडची महती कोणी पटवून देऊ नये. तिसरा आक्षेप माझा स्वतःचा: 122 सेंटिमीटर ही अट पाच वर्षांच्या मुलाला अजूनही परकीच आहे, तेव्हा ‘फॅमिली’ हा शब्द येथेही थोडा ताणलेलाच म्हणावा लागेल.

ती उणीव पार्कने आसपास भरून काढली आहे, म्हणून माझा अंतिम गुण राइडला कमी आणि मांडणीला जास्त जातो. त्याच विभागात वेकोमा कंपनीचा छोटा, मिनिटभराचा ‘हिप्पोग्रिफ’ आहे, ज्यासाठी 91 सेंटिमीटर पुरतात. तेथून 122 ची पायरी, आणि पुढे 2021 मध्ये आलेला, 47 मीटर उंचीचा, उलटे फिरवणारा ‘व्हेलोसीकोस्टर’, ज्याची अट 130 सेंटिमीटर. मुलाची उंची वाढत जाते तसे पार्क त्याच्यासाठी मोठे होत जाते. ऑरलँडोजवळच्याच डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमधली 2014 ची ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’ याच जिन्याची खालची पायरी आहे: अट 97 सेंटिमीटर, आणि वळणावर पाळण्यासारखे झुलणारे डबे. सौम्य म्हणून ती उत्तम. फक्त मोठ्यांना ती सुरू होता होता संपल्यासारखी वाटते.

केवळ सौम्यतेवर भागवू पाहणाऱ्यांनी मात्र पॅरिसचे उदाहरण विसरू नये. तेथले डिस्नेलँड एप्रिल 1992 मध्ये उघडले आणि पहिली वर्षे तोट्यात गेली. 1995 मध्ये तेथे वेगाने झेपावणारा आणि उलटे फिरवणारा ‘स्पेस माउंटन’ आला, आणि त्याच वर्षी पार्कने पहिला वार्षिक नफा दाखवला. कर्जाची फेरमांडणी 1994 मध्येच झाली होती, म्हणून सारे श्रेय एका कोस्टरला देणे भाबडेपणाचे ठरेल. तरी किशोरवयीन मुलांना ओढणारे काहीतरी हवे होते, यात शंका नाही. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग या पार्कने हे बरेच आधी ओळखले होते. 1952 च्या परीकथांच्या जंगलाशेजारी त्यांनी 1981 मध्ये ‘पायथॉन’ हा गिरक्या घेणारा पोलादी कोस्टर आणला, आणि अलीकडेही 2015 मध्ये उभी झेप घेणारा ‘बॅरन 1898’ आणल्यावर दोनच वर्षांनी ‘सिम्बोलिका’ ही संथ, राजवाड्यात फिरवणारी राइड उभारली. जंगल त्यांनी मोडले नाही, हे महत्त्वाचे.

कुटुंबासह हॅग्रिडच्या रांगेत उभे राहणाऱ्यांना एक व्यवहार्य सूचना. प्रत्येक ओळीत एक आसन मोटरसायकलवर आणि दुसरे तिला जोडलेल्या बाजूच्या गाडीत असते. बाजूची गाडी खाली, टेकून बसण्याजोगी आणि धीर देणारी आहे. मोटरसायकलवर हँडल धरून पुढे झुकावे लागते आणि वेग अंगावर येतो. कोण कुठे बसणार हे रांगेत असतानाच ठरवावे, कारण फलाट सरकता आहे आणि तेथे भांडायला वेळ मिळत नाही. आमच्याकडे मोटरसायकल सासूबाईंनी घेतली.