वेळासचे कासव-दर्शन आणि घरगुती मुक्काम

कोकणात मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्ले पाहण्यासाठी मार्चमध्ये आम्ही एका घरी मुक्काम केला. जेवण साधे पण उत्तम होते, सोलकढी तर दोनदा मागून घेतली. पंखा मात्र रात्रभर कुरकुरत होता. पहाटे अंडी जपण्यासाठी किनाऱ्यावर घातलेल्या कुंपणातील घरट्यावरची टोपली उचलली, तेव्हा वाळू झटकत वर आलेली तीन काळपट पिल्ले दिसली. वाळूच्या तापमानावर पिल्लाचे लिंग ठरते, सुमारे २९ अंशांच्या वर माद्यांचे प्रमाण वाढते आणि वाळू फारच तापल्यास अंडी दगावतात, त्यामुळे घरट्यांवरील सावली आणि घरट्यांची जागाच खाणारी किनाऱ्याची धूप यांविषयी माहितीसत्रात एक शब्दही नसणे खटकले. पिल्ले दिसण्याची हमी नसते, म्हणून दोन रात्री राहावे.